क्रीडावीर पालवणकर बाळू

क्रिकेटच्या नादातून आज आपल्या वऱ्हाडातील एकही खेडे सुटलेले नाही. सोयाबीन निघून रान मोकळे झाले, की केनवडच्या शिवारातही ठिकठिकाणी तीन काड्या रोवलेल्या दिसतात. आणि सूर्य मावळून चेंडू दिसेनासा होईपर्यंत आमचे विद्यार्थी तेथून हलत नाहीत. थोर खेळाडूंची नावे, त्यांच्या धावा व त्यांनी बाद केलेले गडी ही सर्व माहिती त्यांना मुखोद्गत असते. तथापि या देशाच्या आद्य थोर गोलंदाजांत ज्यांची गणना होते, त्या पुरुषाचे नाव विचारले असता वर्गात क्वचितच एखादा हात वर होतो. ते नाव पालवणकर बाळू असे आहे. त्यांनी देह ठेवल्यास सुमारे सत्तर वर्षे लोटली. परंतु त्यांचे चरित्र केवळ खेळाच्या आवडीने वाचण्याजोगे नाही. मैदानावर टाळ्या मिळविणे आणि मैदानाबाहेर माणूस म्हणून मान मिळविणे या दोन गोष्टींत किती अंतर असू शकते, व ते अंतर तोडण्यास एका कर्तबगार मनुष्याला किती वर्षे लागतात, हे त्यात स्पष्ट दिसते.

बाळूंचा जन्म १८७६ च्या मार्च महिन्यात धारवाड येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे कोकणातील पालवण या गावचे. त्यावरूनच पालवणकर हे आडनाव पडले. ज्ञाती चर्मकार. त्या काळी या ज्ञातीस अस्पृश्य लेखीत. सार्वजनिक विहिरीवर त्यांना पाणी भरता येत नसे, देवळाची पायरी चढता येत नसे, आणि शाळेत प्रवेश मिळालाच तर मुलास बहुधा वर्गाबाहेर बसावे लागे. आजच्या विद्यार्थ्यांस ही हकीकत कदाचित अतिशयोक्तीची वाटेल. परंतु त्यांनी आपल्या आजोबांस विचारून पाहावे, म्हणजे ती फार दूरची नाही हे त्यांच्या ध्यानी येईल.

बाळूंचे वडील लष्करात नोकरीस असून पुण्यास राहत. लष्करात गोऱ्या अंमलदारांचे क्रिकेट सतत चालू असे. त्यांनी टाकून दिलेल्या जुन्या बॅटी व झिजलेले चेंडू हीच बाळू व त्यांचे धाकटे बंधू शिवराम यांची पहिली क्रीडासामग्री होय. पुढे विठ्ठल व गणपत हे आणखी दोन बंधूही याच खेळात नावारूपास आले. एका घरातील चार भाऊ प्रथम श्रेणीचे खेळाडू व्हावेत, आणि त्यांपैकी एकासही लहानपणी नवा चेंडू मिळालेला नसावा, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

घरची स्थिती बेताची असल्यामुळे बाळूंनी लहान वयातच नोकरी धरली. पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात मैदान झाडणे व खेळपट्टीवर रूळ फिरविणे हे त्यांचे काम असे. वेतन दरमहा ३ रुपये. कधी कोणा सभासदास सराव करावयाचा असला, म्हणजे चार चेंडू टाकण्यास त्यांना बोलावीत. १८९२ च्या सुमारास ते युरोपियन लोकांच्या पूना क्लबात गेले. तेथे वेतन ४ रुपये झाले. खेळपट्टीची निगा राखणे, सरावासाठी जाळ्या उभारणे, टेनिसच्या मैदानावर पांढरे पट्टे आखणे ही सर्व कामे त्यांच्याकडे होती. तेथील ट्रॉस नावाच्या एका साहेबाने प्रथम त्यांच्या हाती चेंडू दिला व त्यांना गोलंदाजी करण्यास उत्तेजन दिले.

त्या क्लबात जे. जी. ग्रेग नावाचे एक युरोपियन अंमलदार होते. हिंदुस्थानात राहणाऱ्या गोऱ्या फलंदाजांत त्यांचा हात धरणारा त्या काळी कोणी नव्हता. (हेच ग्रेग पुढे उतारवयात कॅथलिक धर्मगुरू झाले, ही गोष्ट आपल्या वाचकांस कौतुकाची वाटेल.) ग्रेग इतर खेळाडूंच्या आधी तासभर मैदानावर येत आणि एकट्या बाळूंची गोलंदाजी खेळत. आपणास बाद केल्यास दर खेपेस आठ आणे बक्षीस द्यावयाचे, असा त्यांचा नेम होता अशी आख्यायिका आहे. ज्या मुलाचा महिन्याचा पगार ४ रुपये, त्याला आठ वेळा साहेबांस बाद केले म्हणजे दुसरा पगार मिळाला! आख्यायिका खरी असो वा नसो, परिणाम खरा आहे. पुण्याच्या त्या जाळीत बाळूंनी हजारो चेंडू टाकले व आपल्या डाव्या हाताची कला पूर्णत्वास नेली.

ती कला कशी होती, हे खेळणाऱ्या मुलांसाठी थोडक्यात सांगतो. बाळू हे डावखुरे मंदगती गोलंदाज होते. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाच्या अंगाकडे येणारा त्यांचा चेंडू टप्पा पडताच बाहेर वळे. कधी तो उलट आत येई. तर कधी मुळीच वळत नसे. त्यातच त्यांची गती दर चेंडूस कमीअधिक होई, परंतु हाताची हालचाल मात्र तीच दिसे. तासन्तास गोलंदाजी करूनही टप्पा इकडचा तिकडे होत नसे. हे कौशल्य अंगबळाचे नव्हे, तर अभ्यासाचे व धीराचे होते. आणि तरीही पूना क्लबात त्यांना फलंदाजी करण्याची संधी एकदाही मिळाली नाही. चेंडू टाकणे हे चाकराचे काम व फळी चालविणे हा धन्याचा मान, अशीच त्या वेळची समजूत होती.

ग्रेगसारख्या फलंदाजास सतावणारा हा तरुण पुण्याच्या हिंदू क्रिकेट मंडळींच्या नजरेतून सुटला नाही. युरोपियनांस हरवावे ही त्यांची फार दिवसांची इच्छा होती. बाळूंस संघात घेतल्याविना ती पुरी होणार नाही हे सर्वांस दिसत होते. पण अस्पृश्यासोबत खेळावे कसे, यावर मोठा वाद माजला. काही सनातनी सभासदांनी विरोध केला, तर काहींनी बाळूंचा पक्ष घेतला. अखेरीस विजयाच्या इच्छेने रूढीवर मात केली व बाळू संघात आले. पण रूढी पुरती हटली मात्र नाही. मैदानावर सर्व खेळाडू एकच चेंडू हाताळीत. परंतु चहाची वेळ झाली, की इतर खेळाडू मंडपात बसून पेल्यांतून चहा घेत व बाळूंस तो मंडपाबाहेर, मातीच्या परळातून मिळे. जेवणाचे पानही वेगळे. ज्याने सकाळी पाच गडी बाद करून संघाची लाज राखली, त्याने दुपारी बाहेर उन्हात उभे राहून चहा प्यावा, हा देखावा पुण्यासारख्या विद्येच्या माहेरघरी शेकडो लोकांनी पाहिला.

नवख्या खेळाडूची सर्वांत मोठी कसोटी खेळपट्टीवर होत नाही. ती अशा चहाच्या वेळी होते. रागाने खेळ सोडून जाणे बाळूंस सहज शक्य होते, आणि तसे केले असते तर त्यांस कोणी दोष दिला नसता. परंतु त्यांनी तोंडाने उत्तर न देता चेंडूने दिले. एकदा सातारा येथील युरोपियन संघाशी सामना होता. बाळूंच्या फिरकीचा जोर चालू नये, म्हणून त्या लोकांनी आठवडाभर रूळ फिरवून खेळपट्टी टणक करून ठेवली होती असे सांगतात. बाळूंनी तीवरही सात गडी बाद केले व पुण्याचा संघ विजयी झाला. त्यानंतर पुण्यात झालेल्या समारंभात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी स्वहस्ते त्यांच्या गळ्यात हार घातला. लोकमान्य टिळकांनीही दुसऱ्या एका प्रसंगी त्यांचा जाहीर गौरव केला. रानड्यांनी हार घालून काम संपविले नाही. जे बाळूबरोबर खेळू शकतात, त्यांनी त्याच्याबरोबर खाण्यापिण्यासही हरकत घेऊ नये, असे त्यांनी त्या हिंदू खेळाडूंस बजावले. बाळूंच्या सबंध चरित्राचे मर्म या एका सूचनेत आले आहे.

पुढे प्लेगच्या साथीच्या सुमारास बाळू मुंबईस आले. काही काळ लष्करात व नंतर बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत त्यांनी नोकरी केली. मुंबईच्या हिंदू जिमखान्यात प्रवेश मिळविताना तेथेही कुरकूर झाली. परंतु कीर्तिकर नामक कप्तानाच्या आग्रहाने ती मिटली. १९०६ च्या फेब्रुवारी महिन्यात हिंदू व युरोपियन या संघांचा सामना मुंबईत झाला. बाळूंचे वय त्या वेळी तिसाच्या घरात होते. ज्या वयात आज पुष्कळ गोलंदाजांचा उत्तम काळ संपत आलेला असतो, त्या वयात बाळूंचा प्रथमच एवढ्या मोठ्या समुदायापुढे प्रवेश झाला! हिंदूंनी पहिल्या डावात २४२ व दुसऱ्यात १६० धावा केल्या. युरोपियनांचा पहिला डाव १९१ धावांत व दुसरा अवघ्या १०२ धावांत आटोपला. हिंदू १०९ धावांनी विजयी झाले. बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ गडी बाद केले होते. राज्य करणाऱ्या जातीस बरोबरीच्या खेळात हरविता येते, ही गोष्ट त्या दिवशी मैदानाभोवती दाटलेल्या सर्व थरांतील प्रेक्षकांनी प्रत्यक्ष पाहिली. आणि ती दाखविणारा हात कोणत्या ज्ञातीचा, हे त्या घटकेस कोणी विचारले नाही. समाजसुधारणेस वाहिलेल्या एका इंग्रजी साप्ताहिकाने तर या बंधूंच्या जिमखान्यातील प्रवेशाने सुधारणेचे जे काम झाले, ते अन्य क्षेत्रांतील कितीतरी प्रयत्नांहून अधिक आहे अशा आशयाचा अभिप्राय दिला.

१९११ साली सर्व हिंदुस्थानच्या वतीने पहिला संघ इंग्लंडास गेला. पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग हे कप्तान होते, आणि पारशी, हिंदू, मुसलमान व शीख असे सर्व धर्मांचे खेळाडू त्यात होते. बाळू व शिवराम या दोघांचीही निवड झाली. ते साल बादशहा पंचम जॉर्ज यांच्या राज्याभिषेकाचे होते. महाराजांचा पुष्कळसा वेळ मेजवान्यांत व दरबारी भेटीगाठींत गेला. संघाची कामगिरी एकंदरीत यथातथाच झाली; प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांपैकी केवळ २ जिंकता आले. एक लेस्टरशायरविरुद्ध व दुसरा सॉमरसेटविरुद्ध. परंतु या अपयशाच्या दौऱ्यात बाळूंनी सर्व सामने मिळून ११४ गडी बाद केले. त्यांपैकी ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील होते. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात त्यांनी आठ गडी टिपले. लेस्टरच्या विजयात त्यांचा, तर सॉमरसेटच्या विजयात शिवरामच्या फलंदाजीचा मोठा वाटा होता. वय पस्तीस, हवा परकी, खेळपट्ट्या अनोळखी, आणि दुसऱ्या बाजूने साथ देण्यास तोडीचा गोलंदाज नाही. अशा स्थितीत आठवड्यामागून आठवडे एका मनुष्याने सबंध संघाचा भार वाहिला.

ते परत आले, तेव्हा मुंबईतील दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या प्रसंगीचे मानपत्र भीमराव आंबेडकर या तरुण विद्यार्थ्याने लिहिले होते, असे चरित्रकार नमूद करतात. ज्या समाजाच्या मुलांस त्या वेळेपर्यंत अभिमानाने नाव घेण्याजोगा एखादाच पुरुष ठाऊक होता, त्यांच्या दृष्टीने बाळू हे केवळ गोलंदाज नव्हते. आपणही उभे राहू शकतो याचा ते चालताबोलता पुरावा होते.

आता चरित्राचा कटू भाग सांगणे प्राप्त आहे. हिंदू संघात बाळूंइतका अनुभवी व यशस्वी खेळाडू दुसरा नव्हता. वयाने, ज्येष्ठतेने व गुणाने कप्तानपद त्यांच्याकडे यावे हे उघड होते. परंतु १९१० नंतर वर्षामागून वर्षे हा प्रश्न निघे आणि वर्षामागून वर्षे ते पद उच्चवर्णीय खेळाडूस जाई. १९१३ साली कप्तान झालेले एम. डी. पै हे मोठ्या मनाचे गृहस्थ होते. आपल्याच सत्कारप्रसंगी त्यांनी सांगितले, की हा मान वास्तविक आपले मित्र बाळू यांस मिळावयास हवा होता. मिळालेल्या मानाचा खरा धनी दुसराच आहे असे चारचौघांत कबूल करण्यास धैर्य लागते. त्या धैर्याबद्दल पै यांचेही नाव आपण आदराने घेतले पाहिजे.

१९२० साली प्रकरण निकरास आले. पै आजारी असल्यामुळे चौरंगी सामन्यांतील पहिल्या सामन्यास नवा कप्तान निवडावयाचा होता. बाळूंस तर संघातूनच वगळले, आणि त्यांचे बंधू विठ्ठल यांचा हक्क डावलून प्रो. देवधर यांस ते पद दिले. देवधर हे थोर खेळाडू खरे; पण ज्येष्ठता विठ्ठल यांची होती. तेव्हा विठ्ठल व शिवराम या दोघांनी आपली बाजू जाहीर पत्राने मांडून संघातून अंग काढून घेतले. आपल्या जातीमुळे आपणांस कमी लेखले जात असेल, तर तसा संघ आपणांस नको, हा त्यांच्या म्हणण्याचा भाव होता. लोकमत त्यांच्या बाजूने वळले. पुढच्या सामन्यास पै बरे होऊन आले. दोघे बंधू परतले, बाळूही परतले, आणि बाळूंस उपकप्तान नेमण्यात आले. सामना चालू असता पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, व त्या वेळेपुरते संघाचे आधिपत्य बाळूंच्या हाती आले. पंधरा वर्षांच्या सेवेचे हे फळ! काही घटकांचे का होईना, पण ते मिळाले. योगायोग असा, की त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपल्या नागपुरास भरलेल्या काँग्रेसने अस्पृश्यता नाहीशी करण्याचा ठराव केला.

बाळूंनी लावलेल्या झाडाची फळे विठ्ठल यांस चाखावयास मिळाली. १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले, आणि त्यांच्या नेतृत्वाखाली त्या वर्षी हिंदूंनी चौरंगी सामने जिंकले. ज्या खेळाडूंच्या वडीलधाऱ्यांनी बाळूंस मंडपाबाहेर चहा दिला होता, त्यांनीच विठ्ठल यांस खांद्यावर घेऊन मैदानातून मिरविले. बंधू गणपत हे मात्र १९२० साली ऐन तारुण्यात निवर्तले होते. विठ्ठल यांनी पुढे १९४८ मध्ये मराठीत आत्मचरित्र लिहिले.

खेळातून निवृत्त झाल्यावर बाळू सार्वजनिक कार्यात पडले. १९३२ च्या पुणे करारावर स्वाक्षरी करणाऱ्यांत त्यांचे नाव आहे. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईच्या कायदेमंडळासाठी काँग्रेसने त्यांना उभे केले, आणि प्रतिस्पर्धी होते ज्यांनी एकेकाळी त्यांचा गौरव केला ते डॉ. आंबेडकर! डॉ. आंबेडकरांस १३,२४५ मते पडली, तर बाळूंस ११,२२५. बाळू पराभूत झाले. दोघांचे मार्ग भिन्न होते. एकाचा विश्वास अन्यायाशी उघड झुंज देण्यावर व स्वतंत्र हक्कांवर होता, तर दुसऱ्याचा हिंदू समाजात राहून त्याचे मन पालटण्यावर. इतिहासाने कौल कोणाच्या बाजूने दिला, हे प्रत्येक विद्यार्थी जाणतो. तथापि दोघांच्याही अंतःकरणातील वेदना एकच होती, हे विसरू नये. ४ जुलै १९५५ रोजी मुंबई येथे बाळूंचे देहावसान झाले.

प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांच्या नावावर १७९ बळी आहेत, आणि एका बळीमागे त्यांनी सरासरी १५ धावांहून किंचित अधिक दिल्या. आकडे उत्तम आहेत. परंतु ते अपुरे आहेत. कारण अठरा ते तीस ही उमेदीची बहुतेक वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या सरावासाठी जाळीत, नाहीतर ज्यांची नोंद प्रथम श्रेणीत होत नाही अशा सामन्यांत घालविली. त्या हजारो चेंडूंचा हिशेब कोणत्याही पुस्तकात नाही.

विद्यार्थिमित्रहो, प्रभु येशूने सांगितलेला रुपयांच्या थैल्यांचा दाखला तुम्ही बायबलच्या तासाला ऐकला आहे. एका चाकरास पाच थैल्या मिळाल्या, एकास दोन, एकास एक. आणि ज्यास एकच मिळाली त्याने ती भीतीने जमिनीत पुरून ठेवली. बाळूंच्या वाट्यास एक फुटका चेंडू व खेळपट्टीचा रूळ एवढेच आले होते. त्यांनी ते पुरून ठेवले नाही. हा पहिला बोध गरिबीची सबब सांगणाऱ्यांसाठी आहे.

दुसरा बोध टाळ्या वाजविणाऱ्यांसाठी आहे, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. बाळूंची गोलंदाजी पाहून टाळ्या वाजविणारे पुष्कळ होते. पण त्यांच्याबरोबर चहा घेणारे थोडे निघाले. टाळी वाजविण्यास काही खर्च येत नाही. तो प्रश्न त्यांच्या काळाबरोबर संपला, असे समजून कोणी निश्चिंत होऊ नये. घटनेने १९५० सालीच अस्पृश्यता नष्ट केली आहे. तथापि गावच्या वस्त्या, लग्नाच्या पंगती, आणि खरे सांगावयाचे तर आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांतील सोयरिकी यांत जुन्या भिंतींचे अवशेष अजून सापडतात. पालकांनीही याचा विचार करावा. आपला मुलगा ज्याच्याबरोबर एका संघात खेळतो, त्याचे घर त्याला ठाऊक आहे काय? त्या मुलाने आपल्या घरी येऊन आपल्याच पेल्याने पाणी प्यायले आहे काय? स्नेहसंमेलनात जिंकलेल्या संघास ढाल देताना आम्ही शिक्षक टाळ्या वाजवितोच. पण न्यायमूर्ती रानड्यांनी हार घातल्यावर जी सूचना केली, ती आम्हां सर्वांसाठी अद्याप शिल्लक आहे; आणि ती पाळण्यास मैदानाची नव्हे, घराच्या उंबरठ्याची गरज आहे.